मोम्बासा : एकट्याने करायच्या चार दिवसांच्या प्रवासाची आखणी

मोम्बासा हे केनियातले नैरोबीखालोखालचे मोठे शहर आणि पूर्व आफ्रिकेचे महत्त्वाचे बंदर आहे. परंतु तेथे मोजक्या दिवसांसाठी एकट्याने जाणाऱ्याने त्याच्याकडे आधी बेट म्हणून पाहावे. शहराचा जुना गाभा सुमारे १४ चौरस किलोमीटरच्या एका बेटावर आहे. पश्चिमेला माकुपाचा पूल, उत्तरेला न्याली पूल आणि दक्षिणेला लिकोनीची फेरीबोट या तीन मुख्य वाटांनी हे बेट मुख्य भूमीला जोडलेले आहे. या तिन्ही वाटांवर सकाळ-संध्याकाळ कोंडी होते, त्यामुळे नकाशावर बोटभर दिसणारे अंतर प्रत्यक्षात दीड तास खाऊ शकते. चार रात्री आणि तीन पूर्ण दिवस हाताशी असतील, तर एका दिवसात एकदाच बेटाबाहेर जायचे, हा नियम आधी ठरवून घ्यावा आणि मग बाकीचे बेत करावेत. दियानीचा किनारा, वाटामूचे प्रवाळ, गेडेचे अवशेष आणि त्सावो राष्ट्रीय उद्यानातली सफारी हे सगळे चार दिवसांत बसवण्याचा मोह होतो; तो आवरला नाही, तर लक्षात राहतात त्या फक्त गाड्यांच्या काचा.

तयारीत सर्वांत आधी हाती घ्यायची गोष्ट म्हणजे तिकीट नव्हे, पीतज्वराची लस. केनियाहून भारतात परतताना या लशीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र विमानतळावर मागतात. ते नसेल, किंवा लस घेऊन दहा दिवस पुरे झालेले नसतील, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. म्हणजे चार दिवसांच्या सहलीला सहा दिवसांची शिक्षा. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच ती देतात आणि तेथे आधी नाव नोंदवावे लागते. म्हणून प्रवासाच्या किमान महिनाभर आधी हे काम उरकावे. एकदा घेतलेली लस आयुष्यभर ग्राह्य धरतात, तेव्हा ते पिवळे पुस्तक पासपोर्टाबरोबरच जपून ठेवावे. साठी उलटलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, कारण ही लस सरसकट सर्वांना चालत नाही.

दुसरी गोष्ट प्रवेशाच्या परवानगीची. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाची पद्धत बंद करून इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी सुरू केली आहे, आणि ती भारतीय पासपोर्टधारकांनाही लागते. अर्जासोबत पासपोर्टाची प्रत, छायाचित्र, राहण्याचे आरक्षण आणि परतीचे तिकीट द्यावे लागते. मूळ शुल्क ३० डॉलर आहे. सरकारी संकेतस्थळासारखे दिसणारे आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेणारे मध्यस्थ इंटरनेटवर पुष्कळ आहेत. म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘गो डॉट केई’ आहे की नाही, हे पाहूनच पैसे भरावेत. अर्ज शेवटच्या तीन दिवसांवर नेऊ नये.

सामान भरताना प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच काढून ठेवाव्यात. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि कायद्यातला दंड चाळीस लाख शिलिंगांपर्यंत किंवा चार वर्षांच्या कैदेपर्यंत जातो. एखाद्या पर्यटकाला कोणी तुरुंगात टाकत नाही हे खरे. पण ड्यूटी फ्रीची पिशवी विमानतळावरच काढून घेतात, आणि चपला किंवा ओले कपडे अशा पिशवीत गुंडाळण्याची आपली सवय तेथे अडचणीत आणते. कापडी पिशव्या न्याव्यात. विजेचा दाब जवळजवळ आपल्याइतकाच, २४० व्होल्ट आहे, मात्र सॉकेट तीन चौकोनी खाचांचे ब्रिटिश पद्धतीचे असते, त्यामुळे तसा एक अडॅप्टर लागतो.

हंगामाविषयी थोडक्यात सांगायचे, तर एप्रिल आणि मे हे मोठ्या पावसाचे महिने टाळावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला छोटा पाऊस सहन होण्यासारखा असतो. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा असतो, त्याला तिकडे ‘कास्काझी’ म्हणतात. एप्रिलपासून पुढे आग्नेयेकडून ‘कुसी’ सुटतो. गुजरात, कोकण आणि अरबस्तानातली गलबते शतकानुशतके कास्काझीवर येत आणि कुसीवर परतत; मोम्बासा वसण्यामागे हे वाऱ्याचे वेळापत्रक आहे. आजच्या प्रवाशाला त्याचा उपयोग एवढाच, की जुलै ते सप्टेंबर हवा तुलनेने थंड असते आणि पायी फिरणे जमते, तर जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र नितळ असतो पण दुपारी रस्त्यावर उभे राहवत नाही.

मोम्बासाला पोहोचण्याचे दोन सोयीचे मार्ग आहेत आणि दोन्ही एकेकदा वापरावेत, असे माझे मत आहे: जाताना नैरोबीहून रेल्वे, येताना विमान. २०१७ साली सुरू झालेली मादाराका एक्स्प्रेस नैरोबीजवळच्या स्योकिमाऊहून निघते आणि पाच-सहा तासांत मोम्बासाबाहेरच्या मिरितिनीला पोहोचते. सकाळची गाडी मधल्या स्थानकांवर थांबत जाते म्हणून काही जण ती टाळतात. प्रत्यक्षात एकट्या प्रवाशाने तीच घ्यावी, कारण दुपारच्या गाडीने त्सावो येईतो उजेड कमी होऊ लागतो आणि रात्रीच्या गाडीतून काहीच दिसत नाही. त्सावोतले हत्ती तेथली लाल माती अंगावर उडवून घेतात. त्यामुळे पहिल्यांदा पाहताना तो हत्ती आहे हे कळायलाच क्षण जातो. विटकरी रंगाचे एखादे वारूळ चालू लागावे, तसे ते दिसते. या नव्या मार्गाच्या जवळून जुनी मीटरगेज लाइन जाते. ती १८९६ साली मोम्बासाहून बांधायला घेतली आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत नेली. त्या कामासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेले होते आणि त्यांतले सुमारे अडीच हजार तेथेच मरण पावले.

स्थानकावर किमान तासभर आधी पोहोचावे. आत शिरण्यापूर्वी सर्वांना आपले सामान एका रांगेत जमिनीवर ठेवून बाजूला उभे राहायला सांगतात. मग एक कुत्रा त्या रांगेवरून हुंगत जातो आणि त्यानंतर यंत्रातून दोनदा तपासणी होते. चाकू आणि दारू काढून घेतात. तिकीट ऑनलाइन काढता येते, पण पैसे भरण्याची सोय मुख्यतः एम-पेसावर अवलंबून असते, आणि येथे नवख्या माणसाची गाडी अडते.

एम-पेसा ही केनियात २००७ साली सुरू झालेली मोबाइलवरून पैसे देण्याची व्यवस्था आहे. भाजीवाली, रिक्षावाला, संग्रहालय, औषधाचे दुकान अशा सगळ्या ठिकाणी ती चालते. आपल्याकडे यूपीआयचे जे स्थान आहे, ते तेथे तिचे आहे. उतरल्या उतरल्या विमानतळावरच सिमकार्ड घ्यावे, पासपोर्ट दाखवून त्यावर एम-पेसा सुरू करून घ्यावे आणि त्याच खिडकीवर थोडी रक्कम भरावी. दुकानात भिंतीवर ‘टिल नंबर’ लिहिलेला असतो. तो दाबायचा, रक्कम घालायची आणि व्यवहार पक्का होण्यापूर्वी पडद्यावर दुकानाचे नाव उमटते ते वाचायचे. हे नाव वाचण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, कारण चुकून दुसऱ्याच्या खात्यात गेलेले पैसे परत मिळवण्यात अर्धा दिवस जातो आणि एकट्याच्या सहलीत तो अर्धा दिवस उसना मिळत नाही. डॉलरचा भाव गेला काही काळ १३० शिलिंगांच्या आसपास आहे. सगळे पैसे एम-पेसावर न ठेवता दोन दिवस पुरेल एवढी रोकड वेगळ्या खिशात असावी. फोन हरवला तर पाकीटही हरवले, अशी स्थिती येऊ देऊ नये.

‘पेसा’ म्हणजे पैसाच, हे सांगायला नकोच. मराठी माणसाला स्वाहिलीत असे ओळखीचे शब्द पदोपदी भेटतात. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, रंगाला ‘रांगी’, आंब्याला ‘एंबे’, लाखाला ‘लाकी’, विम्याला ‘बिमा’, बर्फाला ‘बराफू’, हिशेबाला ‘हेसाबू’. चहा तर ‘चाय’च आहे आणि पोळी ‘चपाती’. या ओळखीमुळे भाषा येते असे मात्र समजू नये. खरी गरज अभिवादनांची आहे. मोम्बासात कामाचे बोलण्याआधी विचारपूस करतात, आणि ती टाळणारा माणूस उद्धट ठरतो. समवयस्काला ‘माम्बो’ म्हणावे, त्याचे उत्तर ‘पोआ’ येते. वयाने मोठ्या माणसाला ‘शिकामो’ म्हणावे, ते ‘मारहाबा’ म्हणतील. आपण ‘शिकामो’ म्हटल्यावर समोरच्या आजोबांच्या चेहऱ्यावर जे हसू येते, त्याने पुढचा रस्ता विचारणे सोपे होते. किंमत विचारताना ‘बेइ गानी?’, कमी करा म्हणताना ‘पुंगुझा किदोगो’, नको असेल तेव्हा ‘हापाना, असांते’. एवढ्यावर चार दिवस निघतात. आपल्याला लोक ‘मुहिंदी’ म्हणतील. ते हाक मारणे आहे, शिवी नव्हे.

यापेक्षा महत्त्वाचे आहे ते घड्याळ. केनियाची वेळ भारतापेक्षा अडीच तासांनी मागे आहे, हे फोन आपोआप सांभाळतो. पण स्वाहिली तास फोनला सांगता येत नाहीत. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य साधारण सहा-साडेसहाला उगवतो आणि तितक्यालाच मावळतो, म्हणून सकाळी सातला ‘सा मोजा’, म्हणजे एक वाजले, असे म्हणतात. आठला ‘सा म्बिली’, दोन वाजले. घड्याळातल्या वेळेत सहा तासांचा फरक करायचा, इतका साधा हिशेब आहे. मी तो वाचूनही होतो. तरी एका रिक्षावाल्याशी अर्धे इंग्रजी, अर्धे स्वाहिली बोलताना त्याने ‘सा न्ने’ म्हटले, मी चार असे ऐकले आणि दुपारी चारला तयार होऊन दारात उभा राहिलो. तो बिचारा सकाळी दहालाच येऊन, अर्धा तास वाट पाहून गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने न रागावता माझ्या मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवले आणि तास काट्याच्या बरोबर समोरचा आकडा दाखवला: वाचायचा काटा इकडचा, वेळ सांगायची तिकडची. ही युक्ती पुन्हा चुकत नाही. वेळ ठरवताना सोबत ‘असुबुही’ म्हणजे सकाळी, ‘म्चाना’ म्हणजे दुपारी, ‘जिओनी’ म्हणजे संध्याकाळी हा शब्द जोडून घ्यावा आणि आकडा बोटाने दाखवावा.

राहण्यासाठी पहिल्या दोन रात्री बेटावर आणि शेवटच्या दोन उत्तरेच्या किनाऱ्यावर, न्याली किंवा बांबुरीच्या बाजूला घ्याव्यात. एवढ्या छोट्या सहलीत मुक्काम बदलणे एरवी मूर्खपणाचे ठरते, परंतु येथे त्यामुळे न्याली पुलावरची रोजची ये-जा वाचते. बेटावर जागा निवडताना रात्री रिक्षा दारापर्यंत येते की नाही, एवढे विचारून घ्यावे. जुन्या शहरातल्या काही गल्ल्यांत ती शिरतच नाही.

पहिला दिवस पायी जुन्या शहराचा. फोर्ट जीझस उघडतो तेव्हाच, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास, तेथे असावे. दहानंतर शाळांच्या सहली येतात आणि ऊन प्रवाळाच्या दगडावरून डोळ्यांत परत फिरते. परदेशी पाहुण्यांसाठी तिकिटाचा दर स्थानिकांपेक्षा बराच जास्त आहे आणि रोख रक्कम घेण्याची टाळाटाळ होते, तेव्हा एम-पेसा येथेही लागतो. प्रवेशद्वाराशी वाटाडे गाठतात. चांगला वाटाड्या मिळाला तर किल्ला दुप्पट कळतो, मात्र पैसे किती आणि वेळ किती, हे पायऱ्या चढण्यापूर्वी ठरवावे. केवळ किल्ला की जुने शहरही, हे वेगळे विचारावे, कारण वाद बहुधा याच मुद्द्यावर होतो.

हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६ या काळात बांधला. त्याचा आराखडा जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती या इटालियन वास्तुविशारदाचा होता, जो गोव्यात पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सत्तेचा मुख्य वास्तुविशारद म्हणून काम करत असे. वरून पाहिले, तर आडव्या पडलेल्या माणसाचा आकार त्यात दिसतो. बुरूज म्हणजे हातपाय. किल्ला नुसता बांधलेला नाही, खालचा भाग प्रवाळ खडकातच कोरून काढलेला आहे, आणि खंदकाच्या बाजूने चालताना कोठे खडक संपतो व कोठे चिरा सुरू होतो, हे बोटाने तपासून पाहता येते. मार्च १६९६ ते डिसेंबर १६९८ असा ओमानच्या अरबांचा वेढा येथे चालला आणि किल्ला पडला. पुढे ब्रिटिशांनी १८९५ पासून त्याचा तुरुंग केला, तो १९५८ पर्यंत होता. २०११ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

आतल्या संग्रहालयात मराठी प्रवाशाने एका बुडालेल्या जहाजाच्या वस्तूंपाशी थांबावे. वेढ्याच्या काळात मदतीला आलेले ‘सांतो आंतोनियो द ताना’ हे लढाऊ जहाज १६९७ साली किल्ल्यासमोरच बुडाले. १९७७ पासून पाणबुड्यांनी त्याचे उत्खनन केले. हे जहाज १६८१ साली पाण्यात उतरले ते वसईच्या गोदीतून, आणि नावातले ‘ताना’ म्हणजे आपले ठाणे. वसईच्या किल्ल्यात ज्यांनी पोर्तुगीजांचे पडके चर्च पाहिले आहे, त्यांना येथल्या भिंती परक्या वाटत नाहीत.

किल्ल्यातून बाहेर पडून न्दिया कू या रस्त्याने जुन्या शहरात शिरावे. नकाशा खिशात ठेवला तरी चालतो, कारण समुद्र कायम एका बाजूला असतो आणि चुकलेली गल्ली शेवटी ओळखीच्या चौकात आणून सोडते. कोरीव दारे, पुढे आलेले लाकडी सज्जे आणि १५७० च्या सुमाराची मंध्री मशीद हे सगळे तासाभरात पाहून होते. दाराचे छायाचित्र घेताना आत माणूस बसलेला असेल, तर आधी विचारावे. हा भाग मुस्लिम वस्तीचा आहे; पुरुषांनीही खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकाने बंद असतात, आणि रमजानमध्ये दिवसा खाण्याची ठिकाणे शोधावी लागतात.

खाण्याची चिंता शाकाहाऱ्यानेही करू नये. सकाळी ‘महाम्री’ आणि ‘म्बाझी’ मागवावी: नारळाच्या दुधात वेलदोडा घालून मळलेल्या पिठाच्या फुगीर तिकोनी पुऱ्या, आणि नारळाच्याच दुधात शिजवलेले तुरीचे दाणे. दुपारनंतर ‘विआझी कराई’ मिळतात. उकडलेला बटाटा पिवळ्या-लालसर पिठात बुडवून तळतात आणि वर चिंचेचे पाणी घालतात. बटाटेवड्याचा हा दूरचा नातेवाईक आहे, फक्त त्याला सारण माहीत नाही. लांगोनी रोडवर पांढऱ्या संगमरवराचे जैन मंदिर आहे आणि गुजराती वस्ती जुनी असल्याने आसपास पूर्ण शाकाहारी जेवण सापडते. एक ते चार ही वेळ मात्र खोलीत, पंख्याखाली घालवावी. हा आळस नव्हे; त्या वेळी स्थानिक माणूसही सावली सोडत नाही.

चारनंतर बिआशारा स्ट्रीटला जावे. तेथे मिळणाऱ्या कापडाला बाकीचा केनिया ‘खांगा’ म्हणतो आणि मोम्बासा ‘लेसो’. ते जोडीने विकतात, म्हणजे दोन तुकडे एकाला एक लागून येतात. प्रत्येकाला चारी बाजूंनी काठ असतो आणि खालच्या काठाच्या वर स्वाहिलीतले एक वाक्य छापलेले असते. ते वाक्य वाचून, अर्थ विचारूनच कापड घ्यावे. शेजारणीला टोमणा मारणारी, सवतीला सुनावणारी, आईचे उपकार सांगणारी अशी सर्व प्रकारची वाक्ये त्यांवर असतात, आणि भेट म्हणून सासूबाईंसाठी भलतेच वाक्य उचलले जाऊ नये. दुकानदार अर्थ आनंदाने सांगतात. दिवेलागणीला जुन्या शहरात पितळी किटल्या घेऊन कॉफीवाले बसतात. किटलीच्या खाली कोळशाचे निखारे, हातात लहान, कान नसलेले पेले. ही ‘कहावा’ कडू असते, आल्याचा वास येतो आणि सोबत गोडाचा तुकडा घेतात. एकट्या माणसाला या बाकावर जितक्या सहज जागा मिळते, तितकी कोणत्याही हॉटेलात मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी लिकोनीची फेरी. पायी जाणाऱ्याला ती फुकट आहे, आणि ‘धाउ’ या शिडाच्या गलबतातल्या महागड्या रात्रभोजनापेक्षा मला ती अधिक मोलाची वाटते. सकाळी सातच्या सुमारास दक्षिणेकडून कामाला येणारी माणसे, सायकली, कोंबड्या आणि हातगाड्या यांचा लोंढा उतरतो. आपण उलट्या दिशेने चढावे, म्हणजे उभे राहायला जागा मिळते. समोरून किलिंदिनी बंदरात शिरणारे मालवाहू जहाज आले, तर फेरी त्याला वाट देते. फोन मात्र बाहेर काढू नये: एक तर चोरांसाठी, आणि दुसरे म्हणजे फेरी, बंदर, पोलीस व लष्कराच्या जागांचे छायाचित्र घेणे तेथे चालत नाही. परतल्यावर मामा न्गिना रस्त्याला समुद्राकाठी गोरखचिंचेची अवाढव्य झाडे आहेत. शहाळ्याला तेथे ‘मदाफू’ म्हणतात.

मोई अव्हेन्यूवरचे ॲल्युमिनियमचे प्रचंड हस्तिदंत रिक्षातून पाहिले तरी पुरेसे होते. ते पाहून मुक्काम हलवावा आणि न्याली पूल ओलांडल्यावर केंगेलेनीच्या चौकात पाच मिनिटे थांबावे. ‘केंगेले’ म्हणजे घंटा. येथे १८७५ च्या सुमारास फ्रीअरटाउन ही मुक्त केलेल्या गुलामांची वसाहत मिशनऱ्यांनी वसवली. नाव पूर्वी मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रीअर यांचे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली अनेक आफ्रिकी मुले त्याआधी नाशिकजवळच्या शरणपूर येथे शिकली होती आणि त्यांतलीच काही पुढे या किनाऱ्यावर येऊन राहिली. इतिहासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणतात. ती घंटा अजूनही चौकात आहे, आणि तिच्याभोवती रिक्षांचा तळ आहे.

तिसरा दिवस समुद्राचा. त्याची वेळ हॉटेल नव्हे, भरती-ओहोटी ठरवते. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाणी तीन मीटरहून अधिक चढते-उतरते. त्यामुळे ज्या किनाऱ्यावर सकाळी पोहायला उतरावे म्हणून खोली घेतली, तेथे पाणी प्रवाळाच्या रांगेपर्यंत मागे गेलेले आणि मध्ये नुसता चिखल व शेवाळ, असे दृश्य दिसू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येथे ओहोटी साधारण सकाळी दहा-अकराला आणि भरती दुपारी चारच्या पुढे असते. त्यानंतर रोज ती पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणातल्या माणसाला हा हिशेब नवा नाही. तारीख निश्चित करतानाच तिथी पाहावी. प्रवाळ पाहायचे असेल, तर ओहोटीच्या आधी होडीने निघावे. नुसते पोहायचे असेल, तर भरतीची वेळ धरावी. पाण्यात रबरी तळव्याचे बूट घालावेत, कारण खडकात काळ्या काट्यांचे समुद्री साळिंदर लपलेले असतात आणि त्यांचा काटा तळव्यात मोडतो.

होडी ठरवताना दर माणशी आहे की पूर्ण होडीचा, आणि सागरी उद्यानाचे शुल्क त्यात धरले आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पाय उचलू नये. एकट्याला पूर्ण होडी महाग पडते, म्हणून आदल्या संध्याकाळीच मुक्कामी कोणी सोबत आहे का, ते विचारावे. किनाऱ्यावर वस्तू विकणारे आणि मैत्री करणारे तरुण मागे लागतात. चालत राहून एकदाच ‘हापाना, असांते’ म्हणणे पुरते. कोठे उतरला आहात, किती दिवस आहात, याची उत्तरे देऊ नयेत. समुद्र नको असेल, तर बांबुरीचे हॅलर पार्क पाहावे. सिमेंटसाठी खणून उजाड झालेल्या खाणीत रेने हॅलर यांनी १९७१ पासून झाडे लावून ते उभे केले. २००४ च्या त्सुनामीत कळपापासून तुटलेले ओवेन नावाचे पाणघोड्याचे पिल्लू येथेच म्झी या महाकाय वृद्ध कासवाला चिकटून राहिले होते.

सुरक्षिततेविषयी अवास्तव भीती नको आणि बेफिकिरीही नको. दिवसा जुन्या शहरात एकट्याने, बाईमाणसानेही, फिरायला हरकत नाही. अंधार पडल्यावर मात्र दोनशे पावलांसाठीही रिक्षा करावी आणि रिकाम्या किनाऱ्यावर जाऊ नये. ॲपवरून बोलावलेली रिक्षा घेतली, तर घासाघीस टळते आणि प्रवासाची नोंद राहते. ‘मटाटू’ या सामायिक गाड्या स्वस्त आहेत. चढताना वाहकाला भाडे विचारावे आणि पिशवी मांडीवर ठेवावी. मोटारसायकलवरची ‘बोडा-बोडा’ टाळावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे; एकटे असताना हाड मोडणे परवडत नाही. रोज रात्री घरच्या एका माणसाला दुसऱ्या दिवसाचा बेत चार ओळींत कळवून ठेवावा.

परतीच्या दिवशी विमानतळ मुख्य भूमीवर, पश्चिमेला आहे हे ध्यानात ठेवावे. न्यालीहून निघणाऱ्याला पूल आणि माकुपा दोन्ही ओलांडून जावे लागते, तेव्हा विमानाच्या चार तास आधी मुक्काम सोडणे अति होत नाही. लशीचे पिवळे पुस्तक हातातल्या पिशवीत असावे, मोठ्या बॅगेत नव्हे. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील, तर घरी आल्यावरही त्यांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत घेत राहाव्यात. मुंबईच्या पावसाळ्यात मलेरिया पाहिलेला माणूस त्याला फारसे मोजत नाही, परंतु आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आढळतो तो प्रामुख्याने फॅल्सिपेरम हा घातक प्रकार आहे. परतल्यानंतर महिना-दोन महिन्यांत ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि आपण मोम्बासाला जाऊन आलो आहोत, हे डॉक्टरांना त्यांनी विचारण्यापूर्वी सांगावे.